खोक्यावरचे सात हजार

पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा ऑनलाइन काय, एसएसडी (कॉम्प्युटरची, फिरते भाग नसलेली डिस्क) बघायला लागलं की पहिलं हेच ऐकू येतं, "साहेब, सात हजारचा स्पीड आहे!" म्हणजे सेकंदाला ७००० एमबी, एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या एसएसडींतल्या चौथ्या पिढीचा, म्हणजे जेन-४ चा आकडा. खोटा नाहीये तो, अर्धवट आहे.

मुळात आत काय चालतं ते लय भारी आहे. नँड फ्लॅश हे एसएसडीतल्या मेमरीचं तंत्र, ते १९८० च्या दशकात तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी शोधून काढलं. मेमरीच्या प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे सगळ्यात छोट्या घरात, चहूबाजूंनी इन्सुलेटर असलेला एक बारीक कप्पा, त्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, झाली मेमरी, लाईट गेली तरी ते आतच. पण इन्सुलेटरमधून ते आत जातात कसे? तर पुरेसं व्होल्टेज दिलं की क्वांटम टनेलिंग होतं, भिंतीवरून उडी न मारता इलेक्ट्रॉन भिंतीतूनच पलीकडे निघतात. (क्वांटम एनर्जीची लॉकेटं विकणाऱ्यांना सांगा, खरं क्वांटम इथे टेबलाखाली राबतंय.)

आता सेलमध्ये एकच बिट (० किंवा १) ठेवला तर चार्जच्या दोन पातळ्या पुरतात, हा एसएलसी प्रकार. टीएलसी प्रकारात तीन बिट, म्हणजे ८ पातळ्या, क्यूएलसीत चार, म्हणजे १६. तांब्या रिकामा की भरलेला हे कुणीही सांगेल, पण सोळापैकी नेमक्या एका खुणेपर्यंत भरायचा म्हटलं की थोडं ओता, बघा, परत ओता. एसएसडीचा कारभार बघणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, हेच करतो, छोटा पल्स, तपासणी, परत पल्स, थ्रेशोल्ड व्होल्टेज (सेल चालू व्हायला लागणारं व्होल्टेज) बरोबर बसेपर्यंत, त्यात शेजारच्या सेलचा चार्ज लुडबुड करतो तो वेगळाच. म्हणून वेळ लागतो, आणि दर लिहिण्या-पुसण्यात इन्सुलेटर थोडा झिजतो.

यावर कंपन्यांची आयडिया अशी की काही सेल तात्पुरते एकबिटी वापरायचे, त्याला एसएलसी कॅशे म्हणतात, आणि खोक्यावरचा लिहिण्याचा स्पीड बहुतेक वेळा या कॅशेचाच असतो. लग्नाच्या व्हिडिओंचं दोन-तीनशे जीबीचं फोल्डर टाकून बघा, विंडोजचा हिरवा ग्राफ आधी टेचात चालतो आणि मग धाडकन खाली, काही क्यूएलसी तर हार्डडिस्कच्या लायनीत येऊन बसतात. एसएसडी भरत आली की बऱ्याचदा कॅशेही आकसते.

घरच्या पीसीला माझं मत सरळ टीएलसी, जमलं तर १ टीबी. हार्डडिस्कवरून येणाऱ्याला जुन्या साटा जोडणीची, सेकंदाला साडेपाचशे एमबीची एसएसडीसुद्धा रॉकेट वाटते, कारण फिरणारी तबकडी आणि सरकणारं हेडच गेलं. जेन-५ च्या नादी लागू नका, त्यातल्या बऱ्याच फार तापतात. मदरबोर्ड जेन-३ असेल तर सात हजारवाली तिथे साडेतीन हजारच्या आसपासच अडकणार, आणि एम.२ स्लॉट (बोर्डावरची एसएसडी बसवायची चपटी खाच) दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही, काही जुन्या बोर्डांवर तो फक्त साटाचा असतो, तेव्हा पैसे देण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल काढून बघा.