उडालेलं न्यूक्लियस कितव्या फॉइलमध्ये थांबतं: थोडी पार्श्वभूमी

आमचं काम म्हणजे वेगवान आयन (इलेक्ट्रॉन काढलेला अणू) टार्गेटवर आदळला की तिथून उडालेलं न्यूक्लियस, म्हणजे अणूचा गाभा, पातळ फॉइलमध्ये किती खोल जाऊन थांबतं ते मोजणं. नागपूरहून बीमटाइमला, म्हणजे आयनना वेग देणाऱ्या यंत्रावर मिळालेल्या वेळेला, दिल्लीला जायचं म्हणजे फॉइलचा डबा रात्रभर मांडीवर. ॲल्युमिनियमची एकेक फॉइल 50 मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरची, म्हणजे जाडी 0.2 मायक्रॉनच्याही आत, पाण्यावर तरंगणारी ती फ्रेमवर उचलताना भर मे महिन्यात कूलर-पंखा सगळं बंद, कारण नुसत्या झुळकीनेही फाटते.

किरणोत्सारी अणूतून अल्फा (हेलियमचं न्यूक्लियस) सुटला की उरलेला अणू उलट्या दिशेला उडतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. आपल्या कामाची गोष्ट सुरू होते 1950 च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत जड आयनचे लिनॅक (सरळ रेषेत वेग देणारी यंत्रं) चालू झाले तेव्हा. टार्गेटमागे फॉइलची चळत लावायची, मग कोणत्या फॉइलमध्ये किती ॲक्टिव्हिटी (किरणोत्सार) अडकली ते मोजायचं. पद्धत आजही तीच.

पदार्थात घुसलेला आयन कसा हळू होतो, म्हणजेच स्टॉपिंग, याची 1963 ला डेन्मार्कमधून जी थिअरी आली तिच्यात त्याची ऊर्जा दोन वाटांनी जाते, पदार्थातल्या इलेक्ट्रॉनमुळे होणारं इलेक्ट्रॉनिक स्टॉपिंग आणि न्यूक्लिअर स्टॉपिंग. या दुसऱ्या नावाने जेवढा घोळ झालाय तेवढा कशानेच नाही. पोरं दरवर्षी समजतात की यात न्यूक्लिअर फोर्स आहे, न्यूक्लिअर रिॲक्शन आहे. दोन्ही नाही! दोन अणूंची अख्खी टक्कर होते, विद्युत प्रतिकर्षणाने, तेही इलेक्ट्रॉनच्या पडद्याआडून. कॅरम आठवा: स्ट्रायकर बोर्डावर घासत हळू होतो ते इलेक्ट्रॉनिक, सोंगटीला आपटून वळतो ते न्यूक्लिअर. वेग कमी होतो तशी ही आपटाआपटी वाढते, त्यामुळे रस्ता वाकडा होतो, आणि फॉइलमध्ये मोजलेली खोली ही चाललेल्या एकूण रस्त्यापेक्षा कमी भरते. नाव 'अणू-टक्कर' ठेवलं असतं तर निम्मे गैरसमज झालेच नसते, असं माझं ठाम मत आहे.

या मोजणीला महत्त्व आलं ते अपूर्ण फ्यूजनमुळे, म्हणजे आयन टार्गेटच्या न्यूक्लियसला अख्खा न चिकटता अर्धवट चिकटण्यामुळे. 1960 च्या आसपास दिसलं की कार्बन-ऑक्सिजनसारखे आयन वाटेतच तुटतात, एक तुकडा टार्गेटला चिकटतो आणि अल्फा तसाच पुढे निघून जातो. थुलियम-169 च्या टार्गेटवर 90 एमइव्हीचा (एमइव्ही हे ऊर्जेचं एकक) ऑक्सिजन-16 पूर्ण चिकटला तर उडणाऱ्या न्यूक्लियसला बसणारा धक्का सुमारे 7.8 एमइव्हीचा, फक्त कार्बन-12 चा तुकडा चिकटला तर साधारण 4.5, म्हणून ते न्यूक्लियस अलीकडच्या फॉइलमध्येच थांबतं. आपल्याकडे मुंबई आणि दिल्लीचे पेलेट्रॉन (आयनना वेग देणारी यंत्रं) आल्यावर युनिव्हर्सिटीतल्या पोरांनाही हे करता आलं, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मेहनतीचं काम इथेच झालंय.

मात्र खोलीवरून फ्यूजन ओळखायचं तर कितव्या खोलीला काय अपेक्षित हे आधी माहीत हवं, आणि तो आकडा आज बहुतेक जण कॉम्प्युटर प्रोग्राममधून घेतात. एवढ्या जड आणि हळू न्यूक्लियससाठी थेट मोजलेले आकडे थोडेच आहेत, ते वाढायला हवेत. आम्ही फॉइलची जाडी मोजतो तीसुद्धा अमेरिशियम-241 चा 5.486 एमइव्हीचा अल्फा आरपार पाठवून, त्याची ऊर्जा किती घटली त्यावरून. म्हणजे तिथेही स्टॉपिंगचाच टेबल उघडावा लागतो.