जुनाट चक्कर: कान, मन आणि रुग्णाचे म्हणणे

मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दात घेरी, भोवळ, गरगरणे, डोके हलके वाटणे, तोल जाणे असे पुष्कळ काही मावते आणि दवाखान्यातल्या गैरसमजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आधी रक्तदाब पाहिला जातो, मग साखर, मग मानेच्या मणक्याचा एक्स-रे. चाळिशीनंतर त्यात काही ना काही निघतेच आणि गळ्यात पट्टा येतो. सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही पायाखालची जमीन महिनोन्महिने डोलत राहते, असे सांगणाऱ्या रुग्णाच्या आजाराचे नाव आणि निकष सर्वमान्य व्हायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चक्करेच्या झटक्यांना मेंदूतील रक्तसंचय समजून रक्त काढले जाई, जळवा लावल्या जात. जानेवारी १८६१ मध्ये पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी वैद्यक अकादमीपुढे असे मांडले की, गरगरणे, कानातला आवाज आणि घटणारी श्रवणशक्ती यांचे मूळ आतील कानात असू शकते. हे म्हणणे रुजण्याआधीच, पुढच्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे व्हिएन्नाचे कानतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांनी कानात गार व गरम पाणी सोडून डोळ्यांची हालचाल तपासण्याची पद्धत शास्त्रीय पायावर उभी केली. त्यांना १९१४चे नोबेल जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

कान मोजता येऊ लागला हे चांगलेच झाले. पण ज्याचा कान चाचणीत ठीक निघे, त्याचा त्रास मनाचा ठरण्याची वाटही त्यामुळे सोपी झाली, असे मला वाटते. त्या वाटेची सुरुवात जुनीच होती. मोकळ्या चौकात पाऊल टाकताच होणाऱ्या त्रासाला व्हिएन्नाचे डॉक्टर बेनेडिक्ट यांनी १८७० मध्ये ‘चौकातली चक्कर’ म्हटले होते, तर वर्षभरात बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ वेस्टफाल यांनी त्याच त्रासाला भीतीचा आजार ठरवले.

आतून हे जगणे कसे असते, हे १९५२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरानेच लिहिले. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविक औषधामुळे त्याची आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झाली होती. नाडीच्या ठोक्यासरशी पानावरची अक्षरे हलत, म्हणून तो पलंगाच्या दोन लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट अडकवून वाचत असे. चालताना पाटी वाचायची, तर त्याला थांबावेच लागे.

रुग्णाच्या अशा अनुभवाला मोजमापात जागा मिळाली ती १९९० मध्ये, पंचवीस प्रश्नांच्या एका प्रश्नावलीतून. सुपरमार्केटच्या रांगांमधून चालताना त्रास वाढतो का, लोक आपल्याला प्यायलेला समजतील अशी भीती वाटते का, असे प्रश्न त्यात आहेत.

बारानी यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये सुरुवातीला सांगितलेल्या या जुनाट चक्करेचे, म्हणजे ‘पीपीपीडी’चे (पर्सिस्टंट पोश्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस), निकष ठरवले: तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवशी त्रास; उभे राहिल्याने, हालचालीने आणि गर्दीच्या किंवा हलत्या दृश्यांनी तो वाढणे. अनेकदा कानाचा मूळ आजार बरा झालेला असतो. पण मेंदू सावधपणाची सवय सोडत नाही आणि तोलासाठी डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबतो.

म्हणूनच तीव्र झटक्यापुरत्या असलेल्या चक्करेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेण्याऐवजी १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न व कूक्सी या डॉक्टरांनी सुरू केलेल्या व्यायामांच्या धर्तीवरचे व्यायाम आज दिले जातात. त्यांत मेंदूला सवय व्हावी म्हणून मान मुद्दाम वळवून थोडी चक्कर आणायची असते, आणि ‘कशाला उगीच मान हलवतेस, पडून राहा’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना आधी ते समजावून सांगावे लागते.