डेबियन ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’: टेस्टरने बसायचं कुठे?

डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या चाचणीसाठी चार हौशी मंडळी जमवली की पहिला घोळ नावावरूनच होतो. एका शाखेचं नाव ‘टेस्टिंग’, दुसरीचं ‘अनस्टेबल’. सगळे म्हणतात, आपण टेस्टर, मग आपली जागा टेस्टिंगमध्येच. खरी चाचणी मात्र अनस्टेबलमध्ये होते. टेस्टिंग म्हणजे त्या चाळणीतून खाली उतरलेला माल, पुढच्या ‘स्टेबल’, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या पक्क्या आवृत्तीचा कच्चा खर्डा. हे नाव २००० सालापासून चालत आलंय, आता ते कोण बदलणार!

मेंटेनर, म्हणजे पॅकेज (बसवण्यासाठी बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर) सांभाळणारा, नवं पॅकेज चढवतो ते अनस्टेबलमध्ये. तिचं टोपणनाव कायमचं ‘सिड’, ‘टॉय स्टोरी’तल्या खेळणी मोडणाऱ्या पोरावरून ठेवलेलं. टेस्टिंगचं टोपणनाव मात्र दर आवृत्तीला बदलतं आणि तिथे गटाची हमखास फसगत होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘ट्रिक्सी’ स्टेबल झाली आणि टेस्टिंगला ‘फोर्की’ हे नाव मिळालं. ज्याने सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेजं कुठल्या शाखेतून आणायची ते तिथे लिहितात) ‘ट्रिक्सी’ लिहून ठेवलं होतं, तो त्या दिवशी नकळत स्टेबलचा वापरकर्ता झाला. ज्याने ‘टेस्टिंग’ लिहिलं होतं, तो फोर्कीकडे सरकला. म्हणून गटात कोणी नवीन आला की मी आधी त्याची ती फाइल उघडायला लावतो, बाकीचं मागाहून.

टेस्टिंगमध्ये सहसा कोणी हाताने पॅकेज टाकत नाही. ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्राम ते काम करतो. पॅकेज सिडमध्ये ठरावीक दिवस राहिलेलं हवं: घाई किती यावर २, ५ किंवा १० दिवस, बहुतेकदा ५. ते ठरलेल्या आर्किटेक्चरांवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, बिल्ड झालेलं हवं, त्याच्यामुळे दुसरं काही इन्स्टॉल होईनासं होता कामा नये, आणि टेस्टिंगमध्ये नसलेला नवा गंभीर बग त्याच्यावर नोंदलेला नको. गंभीर म्हणजे ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ किंवा ‘सीरियस’ दर्जाचा. फ्रीझ, म्हणजे नव्या स्टेबलआधी बदल रोखायचा काळ, लागला की हे नियम आणखी आवळतात.

यातली मेख अशी की ब्रिटनी दिवस मोजते, वापरणारे मोजत नाही. पाच दिवसांत ते पॅकेज एकाही माणसाने उघडून पाहिलं नाही, तरी तक्रार नाही म्हणजे ठीक आहे असंच धरलं जातं. तिसऱ्या दिवशी नोंदवलेला ‘ग्रेव्ह’ बग पॅकेजला दारातच अडवतो. तोच आठव्या दिवशी नोंदवला तर पॅकेज आत गेलेलं असतं आणि मग ते दुरुस्त होईपर्यंत किंवा काढून टाकेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे सिडवरच्या स्वयंसेवकाकडून मला हुशारीआधी वेग हवा असतो. ‘रविवारी निवांत लिहितो’ म्हणणारा माणूस कितीही जाणकार असो, त्या जागेवर उपयोगाचा नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मार्च २०२४ मधलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला होता. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या सिडमध्ये आल्या, मुदत संपल्यावर टेस्टिंगमध्येही उतरल्या. स्वयंचलित तपासण्यांना काहीच खटकलं नाही. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला सिडवर काम करताना एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून शिरायची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. स्टेबल बचावली. डेबियनने जुना कोड परत आणला, पण आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही, म्हणून नव्या आवृत्तीचं नाव पडलं ५.६.१+रिअली५.४.५. विनोदी वाटतं, पण आहे खरंच.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, तसं या दोन शाखांचं आहे. सिड वारंवार मोडते, पण दुरुस्ती तिथेच पहिली येते, कधीकधी त्याच संध्याकाळी. टेस्टिंग क्वचित मोडते, आणि मोडली की तशीच राहते, कारण दुरुस्तीलाही वरूनच झिरपत यावं लागतं. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचंही तेच. ‘टेस्टिंग सिडपेक्षा सुरक्षित’ हे वाक्य मी म्हणूनच अर्धवट मानतो.

गट बसवताना मी अनुभव पाहण्याआधी मशीन पाहतो. ज्याच्याकडे दुसरा लॅपटॉप किंवा स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी जपलेली प्रत) घेतलेलं व्हर्च्युअल मशीन आहे, तो सिडवर. त्याने ‘एपीटी-लिस्टबग्ज’ घालायचं, म्हणजे अपग्रेडच्या आधीच नोंदलेले गंभीर बग समोर येतात. नवा बग सापडला तर ‘रिपोर्टबग’ वापरायचं. ते आधीच्या नोंदी दाखवतं, एकाच बगच्या सात तक्रारी होत नाहीत. अपग्रेडमध्ये अर्धा डेस्कटॉप काढून टाकायचा प्रस्ताव आला, तर ‘होय’ दाबायचं नाही, दोन दिवस थांबायचं. आणि आपल्याला त्रास झाला म्हणून प्रत्येक बग ‘ग्रेव्ह’ ठरवायचा नाही. मेंटेनर वैतागतात, आणि रास्तच वैतागतात.

ज्याचं एकच मशीन आहे, तो टेस्टिंगवर, आणि त्याचं काम वेगळं: इन्स्टॉलर, म्हणजे डेबियन संगणकावर बसवणारा प्रोग्राम, तपासणं. सिडवर जाण्याची नेहमीची वाटही टेस्टिंग बसवून मग वर चढण्याचीच आहे, तेव्हा इन्स्टॉलर अडला तर सगळंच अडतं. इन्स्टॉलरच्या अहवालासाठी ‘इन्स्टॉलेशन-रिपोर्ट्स’ नावाचं वेगळं खातं आहे आणि तिथे सगळं सुरळीत पार पडलं तरी कळवायचं असतं. कुठलं हार्डवेअर चाललं हे त्यातूनच समजतं. या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, पण फक्त ग्राफिकल पद्धतीत, कारण साध्या मजकुराच्या पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटत नाहीत. कोड न येणाऱ्यालाही हे काम जमतं. भाषा मराठी निवडायची, डिस्कच्या विभागणीपर्यंत जायचं, आणि कुठलं वाक्य अर्धं इंग्रजीत राहिलंय, कुठल्या बटणावरच्या मजकुरामुळे चुकून अख्खी डिस्क पुसली जाईल, ते टिपून ठेवायचं.