शेरीफचा माणूस आणि आयोगाचा निकाल: लॉस एंजेलिस काउंटीच्या नागरी सेवेची पार्श्वभूमी

डिसेंबर 2018 मध्ये अलेक्स व्हिल्लानुएव्हा लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथल्या पोलीस खात्याचे प्रमुख, झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी बडतर्फ झालेल्या एका डेप्युटीला, म्हणजे खात्यातल्या पोलिसाला, पुन्हा कामावर घेतलं. घरगुती हिंसाचाराच्या आरोपांवरून 2016 मध्ये या डेप्युटीची नोकरी गेली होती. काउंटीच्या नागरी सेवा आयोगापुढे त्याने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. मधल्या काळात त्याने व्हिल्लानुएव्हांच्या निवडणूक प्रचारात काम केलं होतं. काउंटीचं पर्यवेक्षक मंडळ मग आपल्याच शेरीफविरुद्ध कोर्टात गेलं. ऑगस्ट 2019 मध्ये न्यायाधीशांनी मंडळाची बाजू उचलून धरली आणि डेप्युटीला बिल्ला आणि बंदूक परत करावी लागली.

मतदारांनी थेट निवडून दिलेल्या शेरीफला स्वतःच्या खात्यात एक माणूससुद्धा परत घेता येऊ नये? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे अजब वाटतं. पण निवडून आलेल्याला प्रचारातल्या आपल्या माणसाला अशी नोकरी देता येऊ नये, नेमकं याचसाठी ही यंत्रणा उभी राहिली, आणि ती उभी राहायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत राहायला गेलेल्या मराठी माणसाची तिच्याशी पहिली गाठ बहुतेक वेळा लग्नाच्या परवान्याच्या किंवा घरपट्टीच्या निमित्ताने पडते. पण राज्य सरकारने पाठवलेला जिल्हाधिकारी तिथे नसतो. लॉस एंजेलिस काउंटीत पाच पर्यवेक्षकांचं मंडळ आहे. ठराव तेच करतं आणि कारभारही तेच पाहतं. शेरीफ, सरकारी वकील आणि मालमत्तांचं मूल्यांकन करणारा असेसर हे तिघे वेगळे निवडून येतात, म्हणून मंडळाचे नोकर नसतात. लोकसंख्या एक कोटीच्या घरात, म्हणजे एकेका पर्यवेक्षकाच्या वाट्याला जवळपास वीस लाख माणसं. कर्मचारी एक लाखाहून अधिक. दवाखाने, तुरुंग, अग्निशमन, समाजकल्याण, ग्रंथालयं, सगळं त्यांच्यावर चालतं. एवढ्या नोकऱ्या कुणाच्या हातात असाव्यात, हा वाद काउंटीइतकाच जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला सरळ उत्तर होतं: जो जिंकला त्याच्या. 1829 मध्ये अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनचं म्हणणं असं, की सरकारी काम इतकं सोपं असतं की कुठलाही शहाणा माणूस ते करू शकतो. तेव्हा एकाच माणसाने वर्षानुवर्षं खुर्ची का अडवावी? ऐकायला लोकशाहीवादी वाटणाऱ्या या युक्तिवादाचा व्यवहारात अर्थ एवढाच उरला, की निवडणूक झाली की कारकुनापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळे बदलायचे. 1832 मध्ये सिनेटर विल्यम मार्सी यांनी विजेत्याला लूट मिळायचीच, असं उघडपणे सांगून टाकलं. नोकरी मिळालेल्याने पगाराचा ठरावीक हिस्सा पक्षाच्या तिजोरीत भरायचा, हाही रिवाज होता. न भरणाऱ्याची जागा दुसऱ्या दिवशी रिकामी.

हे थांबायला एका अध्यक्षाचा जीव जावा लागला. 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो याने जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रचारात आपण मोठं काम केलं, तेव्हा पॅरिसमधलं वाणिज्यदूतपद आपल्याला मिळायलाच हवं, अशी त्याची समजूत होती. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे स्वतः न्यूयॉर्कच्या वशिलेबाजीच्या राजकारणात वाढलेले, तिथल्या जकात खात्याचे माजी प्रमुख. पण जानेवारी 1883 मध्ये स्पर्धा परीक्षेने नोकरभरती करणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर सही केली ती याच आर्थरनी.

कायद्याचा मसुदा डॉरमन ईटन यांचा. अध्यक्ष हेज यांच्या सांगण्यावरून त्यांनी आधी ब्रिटनमध्ये जाऊन तिथल्या नागरी सेवेचा अभ्यास केला होता. ब्रिटिशांनी खुल्या परीक्षेचा प्रयोग आधी भारताच्या कारभारासाठी केला, घरच्या कारभारात ती पुरती लागू व्हायला पुढची पंधरा-वीस वर्षं लागली. 1855 पासून लंडनमध्ये होणारी आयसीएसची परीक्षा, जिच्यासाठी आपल्याकडची मुलं बोटीने जात, ती अमेरिकन सुधारकांच्या डोळ्यांसमोरच्या नमुन्यांपैकी एक होती.

या सुधारकांचा एक समज पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. त्यांचे पुढारी जॉर्ज विल्यम कर्टिस म्हणत, की पुढच्या दारावर नीट पहारा ठेवला तर मागच्या दाराची चिंता करायला नको. आपला माणूस आत घुसवता येणार नसेल, तर आतल्याला काढण्यात कुणाला रस उरेल? म्हणून पेंडल्टन कायद्याने भरतीला शिस्त लावली, पण काढून टाकण्यावर जवळजवळ बंधन घातलं नाही. पक्षनिधी द्यायला नकार दिला म्हणून काढू नये, इतपतच. सुरुवातीला तर संघीय नोकऱ्यांपैकी जेमतेम दहा टक्के जागा या कायद्याखाली आल्या. राज्यं आणि काउंट्या त्याच्या कक्षेबाहेरच होत्या.

कॅलिफोर्नियात वशिल्याला आणखी एक धनी होता, सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनी. राज्याचं राजकारण तिच्या खिशात आहे, अशी सर्वांचीच तक्रार होती. कंपनीला राजकारणातून हाकलून लावीन, या एका घोषणेवर हायरम जॉन्सन 1910 मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले. ऑक्टोबर 1911 च्या विशेष निवडणुकीत मतदारांनी घटनादुरुस्त्यांचा एक गठ्ठाच मंजूर केला. स्त्रियांना मताधिकार मिळाला, लोकप्रतिनिधीला परत बोलावण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी काउंट्यांना स्वतःची सनद, म्हणजे आपल्या कारभाराची घटना, लिहिण्याची मुभाही मिळाली. लॉस एंजेलिसने ती लगेच वापरली. तेव्हा या काउंटीची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. 15 निवडून आलेल्या नागरिकांनी मसुदा केला, नोव्हेंबर 1912 मध्ये तो मतदारांनी स्वीकारला आणि 2 जून 1913 पासून सनद लागू झाली. स्वतःच्या सनदेवर चालणारी ही अमेरिकेतली पहिली काउंटी. गरीब आरोपींसाठी पगारी सरकारी बचाव वकील देण्याची सोयही याच सनदेने देशात पहिल्यांदा केली, पण तो वेगळा विषय.

सनदेने नागरी सेवा आयोग नेमला. पदांची वर्गवारी, परीक्षा, पात्र उमेदवारांच्या याद्या आणि शिस्तभंगाची अपिलं ही सगळी कामं सुरुवातीला आयोगाकडेच होती. म्हणजे माणूस आत घेणारा आयोग, आणि त्याला काढलं तर न्याय करणाराही तोच. पुढे सनदेत दुरुस्त्या होऊन ही दुहेरी भूमिका मोडली. आता नियम पर्यवेक्षक मंडळ मंजूर करतं, परीक्षा आणि वर्गवारी कार्मिक संचालकाच्या अखत्यारीत येते आणि पाच सदस्यांचा आयोग मुख्यतः अपील ऐकतो. आयोगाचे सदस्य नेमतं मंडळच. तरी रोजच्या भरतीत सदस्यांचा हात नसल्यामुळे निकाल देताना आपल्याच निर्णयावर पांघरूण घालण्याचा मोह कमी, एवढा फायदा नक्की झाला.

परीक्षा आली म्हणून सगळं स्वच्छ झालं, असं मात्र नाही. पेपरफुटीचा शोध काही आपल्याकडे लागलेला नाही. काउंटीच्या पोटात असलेल्या पण वेगळं प्रशासन असलेल्या लॉस एंजेलिस शहरात 1930 च्या दशकात महापौर फ्रँक शॉ यांच्या भावावर पोलीस परीक्षेची उत्तरं आणि बढत्या विकल्याचे आरोप झाले, आणि सप्टेंबर 1938 मध्ये मतदारांनी महापौरांनाच परत बोलावलं. खुद्द काउंटीच्या अग्निशमन दलात सेवेतल्या लोकांचीच मुलं आणि नातेवाईक मोठ्या संख्येने भरती होतात, ही गोष्ट 2014 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने चव्हाट्यावर आणली. परीक्षा सगळ्यांना सारखी होती. तयारीची आतली माहिती मात्र सगळ्यांना सारखी मिळत नव्हती.

त्याच दलावर चाळीस वर्षं आधी अगदी उलट बाजूने बोट ठेवलं गेलं होतं. 1972 मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा संघीय कायदा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना लागू झाला. 1973 मध्ये काळ्या आणि मेक्सिकन-अमेरिकन उमेदवारांच्या वतीने काउंटीवर खटला भरला गेला. मुद्दे दोन: लेखी परीक्षेतल्या गुणांवर उमेदवार निवडण्याची पद्धत आणि 5 फूट 7 इंच उंचीची अट. आग विझवण्याच्या कामाशी लेखी परीक्षेतल्या गुणांचा संबंध काय, हे काउंटीला पटवून देता आलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तोवर काउंटीने पद्धत बदलल्यामुळे न्यायालयाने 1979 मध्ये वाद निकाली काढला. गुणवत्तेच्या नावाखाली कोण वगळलं जातं, हा प्रश्न तेव्हापासून या यंत्रणेच्या मानगुटीवर बसला आहे.

पण खरी लढाई मागच्या दारावर झाली. तिथे कर्टिससाहेबांचा अंदाज साफ चुकला.

डॉ. जॉन स्केली हे कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्यातले कायम नोकरीवरचे डॉक्टर. जेवणाच्या सुट्टीवरून पाच-पंधरा मिनिटं उशिरा परतणं आणि परवानगीविना कामावरून जाणं, यांवरून त्यांना 1972 मध्ये बडतर्फ केलं. तेव्हाची रीत अशी, की आधी काढायचं आणि मग त्याला अपील करायचं असेल तर करू द्यायचं. अपील चालू असेपर्यंत पगार बंद. 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रीत घटनाबाह्य ठरवली. कायम नोकरी ही एक प्रकारची मालमत्ता आहे, ती हिरावण्याआधी माणसाला नोटीस, कारणं आणि आरोपांची कागदपत्रं मिळाली पाहिजेत आणि उत्तर देण्याची संधीही मिळाली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. एवढ्याशा चुकांसाठी बडतर्फी ही शिक्षाही जास्त आहे, असंही त्यांनी ठरवलं. आज कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही काउंटीच्या कचेरीत कर्मचारी आणि साहेब दोघेही 'स्केली' म्हणतात, तेव्हा त्यांना ही बडतर्फीपूर्व सुनावणी अभिप्रेत असते. डॉक्टर कोण होते, हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

दुसरा धक्का शिकागोच्या कुक काउंटीतून आला. तिथे 1970 च्या अखेरीस डेमोक्रॅट रिचर्ड एलरॉड शेरीफ झाले आणि आधीच्या रिपब्लिकन शेरीफच्या काळातली, नागरी सेवेचं संरक्षण नसलेली माणसं काढली गेली. जुन्या हिशेबाने हे अगदी रीतसर होतं. पण 1976 मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की धोरण न ठरवणाऱ्या कर्मचाऱ्याला निव्वळ पक्षाच्या कारणावरून काढणं हा त्याच्या मतस्वातंत्र्यावर घाला आहे. चार वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीच्या दोन सहायक बचाव वकिलांच्या खटल्यात ही मर्यादा आणखी घट्ट झाली: अमुक पक्षाचं असणं त्या कामासाठी खरोखर गरजेचं आहे, हे नेमणाऱ्याने दाखवून द्यावं. 1990 मध्ये इलिनॉयच्याच एका खटल्यात भरती, बढती आणि बदलीलाही हाच नियम लागला. देशभराचा कायदा घडवणाऱ्या या भांडणांपैकी दोन थेट काउंटीच्या कचेऱ्यांत सुरू झाली हा योगायोग नव्हे. वशिल्याच्या सगळ्यात जास्त नोकऱ्या तिथेच होत्या.

तिसरी शक्ती कामगार संघटनांची. 1968 च्या राज्य कायद्याने स्थानिक कर्मचाऱ्यांना संघटनेमार्फत वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. आता पगाराचा करार संघटनेशी आणि सेवानियम आयोगाकडे, अशी दोन घरं झाली. लॉस एंजेलिसच्या आयोगाने नोकरकपातीचे नियम परस्पर बदलायचं ठरवलं, तेव्हा 1978 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगालाही आधी संघटनांशी चर्चेला बसवलं. गुणवत्तेची राखण करणाऱ्या आयोगाला हे जिव्हारी लागलं असणार.

एवढ्या सगळ्यातून आज जी वहिवाट उरली आहे ती अशी. निवडून आलेले अधिकारी आणि पर्यवेक्षकांचे खास सहायक हे संरक्षित सेवेबाहेर. बाकी बहुतेक सगळे आत. परीक्षा उत्तीर्ण, मग सहा ते बारा महिन्यांचं प्रोबेशन. या काळात काढणं सोपं असतं, म्हणून जाणते साहेब जे काय ठरवायचं ते तेव्हाच ठरवतात. कायम झाल्यावर बडतर्फी, पदावनती किंवा पाच दिवसांहून मोठं निलंबन झालं की आयोगाकडे अपील. आयोग सुनावणी अधिकारी नेमतो, तो दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे ऐकून प्रस्तावित निकाल लिहितो, त्यावर हरकती येतात आणि शेवटचा शब्द आयोगाचा. तोही न पटल्यास काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयात जाता येतं. यात महिने जातात, कधी वर्षं. नालायक माणूस हलवता येत नाही, ही साहेबांची तक्रार आणि निकालाची वाट बघताना घर चालत नाही, ही कर्मचाऱ्याची. माझ्या मते दोघांचंही खरं आहे. तरीही शेरीफ बदलला की हवालदार बदलायचा, त्या काळात परत जावं असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी सनदेत मोठा फेरफार मंजूर केला. मंडळ पाचाचं नऊ सदस्यांचं होणार आहे आणि 2028 मध्ये काउंटीला पहिल्यांदाच थेट निवडून आलेला कार्यकारी प्रमुख मिळेल. प्रचारात राबलेली माणसं त्यालाही असतीलच. त्यांची यादी मोठी निघाली, तर तिचा सामना 1913 पासून चालत आलेल्या याच नियमांशी होईल.