स्कूटरवाल्या हातांनी जगवलेली बोटीची मशीनं

नाशकात जुनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, दुरुस्त करून घ्यायचं असेल, तर तशी पाटी शोधत फिरू नका. मिळायची नाही. ज्याच्या हाताखालून चेतक, लूना आणि राजदूत गेल्या आहेत असा साठीकडे झुकलेला मिस्त्री गाठा. पुराच्या कामातले लोक या इंजिनाला ‘ओबीएम’ म्हणतात, मिस्त्री नुसतं ‘मशीन’ म्हणतो. अॅल्युमिनियमची छोटी बोट आणि तिच्या पाठीला लावलेलं पाच-दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन बाळगणारी माणसं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या गप्पांत सध्या एकच विषय असतो, पेट्रोल. पण तो कळायला जरा मागे जावं लागतं.

आउटबोर्ड बाजारात रुजवलं ते ओले एव्हिनरूड यांनी. नॉर्वेत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत मिल्वॉकीला साचे बनवायचं काम करायचा. १९०९ मध्ये त्यांनी विकायला काढलेलं मशीन एका सिलिंडरचं, दीड हॉर्सपॉवरचं होतं. वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. सुरू करायला दोरी नव्हती. फ्लायव्हीलवरच्या लाकडी मुठीला धरून चाक गरकन फिरवायचं, आणि उलटा झटका बसला तर बोटं सांभाळायची. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा ही तेव्हाची मांडणी आजही तशीच आहे. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचं मशीन समोर आलं तरी आपला मिस्त्री बिचकत नाही.

१९२१ च्या सुमारास एव्हिनरूड आणि अमेरिकेतलेच जॉन्सन बंधू या दोघांनीही अॅल्युमिनियमचे भाग वापरून वजन उतरवलं. जॉन्सनचं मशीन तर ३५ पौंडांचं, एका हाताने उचलण्यासारखं. बोटी मात्र बराच काळ लाकडीच राहिल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानं बनवणाऱ्या ग्रुमनसारख्या कंपनीकडे अॅल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट मारणारे हात शिल्लक होते. त्यातून कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, आणि छोट्या बोटी निघाल्या.

या इतिहासातली माझी आवडती गोष्ट दुरुस्तीचीच आहे. १९३९ मध्ये कार्ल कीकहेफर यांनी विस्कॉन्सिनमधला एक कारखाना घेतला. तिथे गिऱ्हाइकाने परत केलेली सुमारे ३०० सदोष आउटबोर्डं पडून होती. ती त्यांनी सुधारून त्याच गिऱ्हाइकाला विकली, आणि त्यातून पुढे मर्क्युरी ही आउटबोर्डची कंपनी उभी राहिली. भंगारातून दौलत म्हणतात ती ही.

जपानी नंतर आले: तोहात्सु १९५६, यामाहा १९६०, सुझुकी १९६५. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात मच्छीमारांनी ही मशीनं घेतली आणि रॉकेलवर पळवली. कोकण-मुंबईकडे वापरून झालेलं एखादं मशीन कसारा घाट चढून आमच्यापर्यंत येतं. येताना मीठ घेऊन येतं. पाणी फिरायच्या वाटा क्षारांनी बुजलेल्या, स्टीलचे बोल्ट अॅल्युमिनियमच्या अंगात गच्च बसलेले. असा बोल्ट जोर लावून काढायला गेलं की डोकं हातात आणि देह आत. गरम करा, तेल सोडा, थांबा, पुन्हा गरम करा. घाईवाल्याचं हे काम नव्हे.

मिस्त्रीची खरी कसब दिसते फ्लायव्हीलखाली. पुलर लावून चाक उचललं की आत ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल: थेट चेतकचा संसार. पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, स्वच्छ कापड मधून ओढायचं, फिलर गेजने फट लावायची. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडला ती २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या कॉइल तडकायच्या ही जगजाहीर खोड. ठिणगी निळी, कडक यायला हवी. पिवळट आली की मिस्त्री मान हलवतो आणि चहा सांगतो.

पण स्कूटरची विद्या पाण्यात थोडी कमी पडते. स्कूटर हवेवर थंड होते, हे मशीन धरणाच्या पाण्यावर. माझा पहिला इम्पेलर, म्हणजे थंडाव्याचं पाणी खेचणारा पंपाचा रबरी पंखा, यातच गेला. मिस्त्रीने मशीन शिकंज्यात धरून कोरडंच दोन मिनिटं रेस केलं आणि आतल्या रबरी पात्या जळाल्या. तेव्हापासून अंगणात २०० लिटरचा ड्रम आहे. त्यात मशीनचा पाय बुडवल्याशिवाय दोरीला हात नाही, आणि मागून पाण्याची पिचकारी दिसली नाही तर लगेच बंद.

ऑइलचंही तसंच. स्कूटरला लिटरमागे २० मिली घालायची सवय, पण १९६४ च्या आधीच्या बहुतेक जॉन्सन-एव्हिनरूडला २४ भागांना एक, म्हणजे ४२ मिलीच्या आसपास लागतं. जुन्या ब्रिटिश सीगलला तर दहाला एक. स्कूटरच्या हिशेबाने चालवलं तर मशीन जाम होणारच.

तिसरी चूक लेथची, आणि ती प्रेमापोटी झाली. पंख्याची शिअर पिन मुद्दाम मऊ असते: दगडाला लागलं की पिन तुटावी, गिअर वाचावा. सातपूरच्या एका कारागिराने मला ‘कायमची’ म्हणून कडक ईएन-८ स्टीलची पिन करून दिली. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं, पंखा खडकावर बसला. पिन शाबूत, गिअरचे दात गेले. आता पितळी पिना डझनाने करून घेतो.

अमेरिकी मॅन्युअलमध्ये हिवाळ्यात मशीन कसं ठेवावं यावर अख्खं प्रकरण असतं, कारण आत राहिलेलं पाणी गोठून केसिंग फुटतं. निफाडला पारा दोन-चार अंशांवर आला तरी आपल्याला ती धास्ती नाही. आपली झोपेची वेळ चैत्र-वैशाख. धरणं तळाला जातात, गाळाचं पाणी इम्पेलर खातं, मशीनं भिंतीला टांगली जातात. आणि नेमकं तेव्हाच पेट्रोल आपलं काम करतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, आणि त्यातलं एक ठिकाण होतं आपल्याच जिल्ह्यातलं मनमाड. तेव्हा प्रमाण ५ टक्के होतं. २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९७० च्या मशीनला ते पचत नाही. जुने रबरी पाइप फुगतात, इंधन पंपातला पातळ पडदा, डायफ्रॅम, मऊ पडतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, हवेच्या मानाने इंधन कमी पडून सिलिंडर तापतो. वर इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे मशीनला बिनऑइलचं पाणीदार पेय मिळतं.

म्हणून आता मशीन ठेवताना नळी काढून ते ड्रममध्ये आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बोरेटर कोरडा करायचा. नवं पेट्रोल आणलं की मिस्त्री खुणा केलेल्या काचेच्या बाटलीत दहा भाग पेट्रोल, एक भाग पाणी घालून हलवतो आणि खिडकीत ठेवतो. थोड्या वेळाने पाण्याची रेघ एकवरून तीनकडे चढलेली दिसते, म्हणजे दोन भाग इथेनॉल पाण्यात उतरलं.