‘कुठलाही डिफ चालतो’ हा गैरसमज

मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ओपन सोर्स प्रकल्पाला बदल पाठवताना कुठलाही डिफ (दोन फाइलींमधला फरक दाखवणारा मजकूर) द्या, तो फरक मूळ फाइलवर चढवणारा ‘पॅच’ हा प्रोग्राम फॉरमॅट आपोआप ओळखतो. ओळखतो, हे खरंच. पण फॉरमॅट ओळखणं वेगळं आणि बदल योग्य जागी बसवणं वेगळं.

फरक काढणारी ‘डिफ’ ही कमांड पर्याय न देता चालवली, तर फक्त ओळ क्रमांक आणि बदललेल्या ओळी मिळतात. दोन फाइलींच्या अशा डिफमध्ये फाइलचं नावही नसतं. दरम्यान मूळ फाइलमध्ये कुणी वरच्या बाजूला वीस ओळी घातल्या आणि तुमच्या डिफमध्ये निव्वळ नव्या ओळी असतील, तर पॅच त्या जुन्याच क्रमांकावर बसवतो. चुकीच्या जागी, आणि एकही तक्रार न करता! मला सगळ्यात धोकादायक वाटतं ते हेच.

लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या पॅचची खरी ताकद संदर्भाच्या ओळींत आहे. ‘डिफ -यू’ दिलं की बदलाच्या आजूबाजूच्या सहसा तीन-तीन ओळी सोबत येतात. क्रमांक सरकले तरी पॅच त्या ओळी शोधून जागा पकडतो. ‘-सी’ही संदर्भ देतो, पण मजकूर दोनदा येतो, वाचणाऱ्याला ‘-यू’च सोपा.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर ‘गिट डिफ’चा फॉरमॅट ‘-यू’सारखाच, मात्र त्यात लेखकाचं नाव आणि बदलामागचं कारण नसतं. त्यासाठी ‘गिट फॉरमॅट-पॅच’ वापरा. आणि टर्मिनलवरून कॉपी-पेस्ट नको: टॅबच्या जागी स्पेस येतात, डिफ लागू होत नाही.