पाल तुमच्याच भिंतीवर: एआर आणि व्हीआर एक नव्हेत
भीतीवरच्या उपचारात हल्ली चष्मा लावतात असे सांगितले की ऐकणारा ‘हो, ते आभासी जग ना’ म्हणून मोकळा होतो, आणि बातम्यांतही एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) व व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) या दोहोंना ‘आभासी’ हे एकच विशेषण चिकटवून विषय उरकलेला दिसतो. एआर म्हणजे व्हीआरची स्वस्त आवृत्ती, हा गैरसमज तर इतक्यांदा ऐकला आहे की आता वाद घालण्याऐवजी लिहूनच ठेवतो.

व्हीआर बहुतेकांना ठाऊक आहे. डोळ्यांवर बंद पेटी चढली की भोवतालचे सगळे नाहीसे होते आणि त्या जागी रचलेले जग दिसू लागते. उंचीच्या भीतीवर अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी केलेला असा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. एआरमध्ये, म्हणजे संवर्धित वास्तवात, जग आपलेच राहते आणि त्यात फक्त भीतीची वस्तू उपरी असते. स्पेनमधील क्रिस्टिना बोतेला आणि सहकाऱ्यांनी २००५ साली झुरळाच्या भीतीवर हे तंत्र वापरल्याचे मांडले; कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या टेबलावर संगणक झुरळे सोडत असे आणि त्यांची संख्या व आकार पायरीपायरीने वाढवता येत असे. भीतीला टाळण्याऐवजी तिच्यासमोर थांबणे हे उपचाराचे मर्म दोन्हींत सारखेच, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

घोटाळा होतो तो पुढे. भीती कमी होते तेव्हा मनातील जुनी भीती पुसली जात नाही. ‘येथे काही झाले नाही’ अशी नवी शिकवण तिच्या शेजारी येऊन बसते, आणि ही शिकवण ज्या जागी मिळाली त्या जागेला बरीचशी बांधलेली असते. यवतमाळकडील एखाद्या खेड्यातील अशी बाई डोळ्यांसमोर आणा, जी पालीच्या भीतीने स्वयंपाकघरात एकटी पाऊल टाकत नाही. शहरातील दवाखान्यात, रचलेल्या खोलीतील पालीसमोर ती शांत बसू लागली तरी घरी कवेलूंच्या फटीतून खरी पाल भिंतीवर उतरली की भीती परतण्याची शक्यता राहतेच. एआरमध्ये ती पाल मोबाइलच्या पडद्यावर तिच्याच चुलीमागच्या भिंतीवर, तिच्याच मिठाच्या डब्याशेजारी बसवता येते. शिवाय तिकडे जाणारा हात तिचा स्वतःचा असतो, हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांचा आणि बांगड्यांचा. व्हीआरमध्ये दिसतो तो बहुधा चितारलेला हात. ‘खोटी आहे हे माहीत असताना भीती कशी वाटेल?’ या प्रश्नाला मी कंटाळलो आहे. छाती धडधडू लागण्यासाठी पाल खरी असावी लागत नाही, आणि हा उपचार त्याच धडधडीवर चालतो.

म्हणून माझे मत पक्के आहे: पाल, झुरळ, कोळी अशा लहान जिवांसाठी एआर, विहिरीचा काठ, उंची, गच्च भरलेली बस किंवा ग्रामसभेत उभे राहून बोलणे यांसाठी व्हीआर. सपाट ओसरीवर उभ्या माणसाला खोल विहिरीची भीती घालणे एआरला अवघड जाते, कारण पायाखालची जमीन त्याला बहुधा दिसतच असते.

उपकरणांचे फरक किरकोळ आहेत, पण एक सांगितलेच पाहिजे. एआरचे बहुतेक पारदर्शक भिंगांचे चष्मे दृश्यात प्रकाश मिसळतात, प्रकाश काढून घेऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना खरा काळा रंग दाखवता येत नाही. अशा चष्म्यातून मी काळा विंचू पाहिला तेव्हा तो धुरकट काचेचा वाटला आणि त्याच्या पाठीतून सतरंजीचे पट्टे दिसत होते. कॅमेऱ्यातून दाखवणाऱ्या साध्या मोबाइलला ही अडचण येत नाही. मात्र हात विंचवापुढे नेल्यावरही विंचू हाताच्या वरच तरंगताना दिसला तर सगळा भास फिसकटतो. ॲप निवडताना मी आधी हेच तपासतो. आणि असे ॲप उतरवून भाचीला अचानक घाबरवणे हा उपचार नव्हे, तो वात्रटपणा आहे. पायरी कोणती आणि थांबायचे कधी, हे रुग्णाशी बोलून उपचारकाने ठरवायचे असते.

सापाबाबत मात्र मी माझीच शिफारस उलटी करतो. पाठ्यपुस्तकातील नागाचे चित्र दिसले तरी पान मिटणाऱ्या माणसाला उपचार हवा, पण पऱ्हाटीत कापूस वेचताना घोणस असेल म्हणून जपून पाय टाकणे हा आजार नाही. शिकवण जागेला चिकटत असेल, तर खोटा साप त्याच्याच वावरात, धुऱ्यावर दाखवून तेथली धास्ती घालवणे हा शुद्ध अविचार होय. त्याला दवाखान्यात व्हीआर द्यावा, चित्राचे पान उघडता येईपर्यंत. रात्री ओलितासाठी निघताना त्याच्या हातातील काठी आणि बॅटरी सुटता कामा नये.